ओढ्याकडची वाट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

ही डायरी बियाणांच्या दुकानातून फुकट मिळालेली आहे. प्रत्येक पानावर वरच्या बाजूला एका किडीचं नाव आणि तिच्यावरचं औषध छापलं आहे. आजच्या पानावर मावा आहे. मी आजवर कधी डायरी लिहिली नाही. आता लिहिणार. रोज नाही जमलं तरी कामाच्या दिवशी नक्की लिहिणार.

आज मंठ्याला राधेश्याम वकिलांकडे गेलो होतो. आमचा शेताशेजारी इंद्रभान याने तहसीलमध्ये अर्ज दिला आहे. त्याच्या शेतातून ओढ्याकडे आणि पुढे गावरस्त्याकडे येणारी वाट आमच्या शेतातून जाते, ती मी गेल्या श्रावणात तार ओढून बंद केली आणि तिच्यावर मोसंबीची रोपं लावली, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खरं आहे. रोपं बावीस आहेत. पण शेत माझं आहे. सातबाऱ्यावर वाटेची नोंद नाही, गावनकाशात तुटक रेघसुद्धा नाही. जे कागदावर नाही ते नाही.

वकील म्हणाले, "तुमच्या घराण्याचा इतिहास लिहून आणा. जमीन कधीपासून, बांध कुणी घातले, कोणत्या पिढीत काय होतं. तीन पिढ्यांत वाट नव्हती, हे त्यातून दिसलं पाहिजे. चार मार्चला सुनावणी आहे."

माझं अक्षर चांगलं आहे. जालन्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलो आहे. हे काम मला जमणार म्हणजे जमणार.

घरी येऊन दैवशालेला सांगितलं. ती म्हणाली, "इतिहास लिवणार का नुस्ता बांध लिवणार?" माझ्या बायकोला कागदपत्रांचं महत्त्व कळत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

इतिहासाला सुरुवात केली. "आमचे घराणे फार प्राचीन व शूर" असं लिहिलं आणि पुढे अडलो. शूर म्हणजे कोण, कधी, कुठे, काहीच माहीत नाही. आजोबा भुजंगराव यांच्या पलीकडे मला कुणाचं नावही सांगता येत नाही. ही लाजेची गोष्ट आहे.

माहीत आहे ते दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना. कडूबा भुजंगराव, वय चौऱ्याऐंशी. पण ते गेल्या आषाढापासून बदनापूरला माझ्या मुलीकडे, मोनिकाकडे आहेत. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं, मग मोनिका सोडेना. तर मी त्यांना घेऊन येणार आहे. समोर बसवून सगळं विचारून घेणार.

दैवशाला म्हणाली, "आणताय? बराबर इचार केलाय ना?"

"त्यात विचार कसला?"

"आणा मंग." असं म्हणून ती भांडी घासायला गेली आणि एकटीच हसत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. वाट बंद केली ती शेताच्या सोयीसाठी. बदनापूरच्या शेतकरी मेळाव्यात इंद्रभानला चांगल्या मोसंबी बागेबद्दल शाल-श्रीफळ मिळालं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मेळावा आषाढात झाला, तार मी श्रावणात ओढली. मध्ये चांगले वीस दिवस गेले. आता त्या बागेची कलमं कुठून घ्यायची ते त्याला मीच सांगितलं होतं, आणि भाषणात त्याने माझं नाव घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी. मी ती विसरलोही आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दादांना घेऊन आलो. डोळे एकदम लख्ख झाले आहेत. वाटेत प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचत होते.

घरी पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाले, "इंद्रभान आला न्हाई का? गाडी तर पाह्यली असन त्यानं."

मी म्हणालो, तो गावाला गेलाय. हे खोटं होतं.

मग म्हणाले, "चल, शेताकडं चक्कर मारून येऊ. आठ महिने झाले, रान डोळ्यानं पाह्यलं न्हाई."

मी म्हणालो, डॉक्टरांनी ऊन नको म्हणून सांगितलंय. हेही खोटं होतं. पण हे सगळं चार मार्चपर्यंतच आहे. दादांना तार आणि रोपं एकदम दिसायला नकोत, त्यांना आधी नीट समजावून सांगितलं पाहिजे. कसं सांगायचं ते मी ठरवतो आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवसांत एकोणीस पानं झाली. दादा सकाळी ओसरीवर बसतात, मी खाली वही घेऊन बसतो. दैवशाला तुरी निवडत बसते आणि मध्येच विचारते, "मंग?"

अडचण अशी, की मी बांधाचं विचारलं तर दादा माणसांचं सांगतात. पूर्वेचा बांध कुणी घातला, असं विचारलं. ते म्हणाले, "माझ्या बापानं. त्या बांधाला दगड वाहता वाहता त्याचा बैल मेला. बैलाचं नाव सर्ज्या. बापानं तीन दिवस भाकर खाल्ली न्हाई. माय म्हणली, माणसं मेली तवा जेवले की तुमी. तर बाप म्हणला, माणसं माझ्यासाठी मेली नव्हती." मी विचारलं, बांधाचं साल कोणतं? ते म्हणाले, "सर्ज्या मेला ते."

वकिलांना हे चालणार नाही. पण मी लिहून घेतलं. आजोबांचा फोटोसुद्धा आमच्या घरात नाही. मला ते फक्त नावापुरते माहीत होते, रेशनकार्डावर असतं तसे. आता ते कसे चालायचे तेही मला माहीत आहे. डावा पाय थोडा टाकून चालायचे.

खरं सांगायचं तर मला सकाळ कधी होते असं होऊन जातं. अर्थात वहिवाटीच्या दृष्टीनेही माहिती उपयोगी आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.

दादांच्या डाव्या नाकपुडीला भोक आहे. मी लहानपणापासून बघत आलो, कधी विचारलं नाही. आज सहज विचारलं. दादांनी दाराकडे पाहिलं. मग दैवशालेला म्हणाले, "सूनबाई, दार लोटून घे." दार लोटून घेतल्यावर सांगू लागले.

"माझ्या आधी मायला चार लेकरं झाली. चारी पोरं. एकबी बसायला शिकलं न्हाई. मंग मी झालो. मायच्या अंगात ताप, थानाला दूध न्हाई. म्हाताऱ्या बाया बापाला म्हणल्या, भुजंगा, हे लेकरू तुझं हाय असं देवाला कळलं तर हेबी जाईन. इकून टाक."

जुनी रीतच होती तशी. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्यांनी नवं मूल दुसऱ्या जातीच्या घरी विकायचं. त्याचं नाव दगडू, धोंडू, कडू असं काहीतरी नकोसं ठेवायचं. मुलाचं नाक टोचायचं. पाच वर्षं जगलं, तर ज्यांनी घेतलं ते मागतील ती किंमत देऊन परत विकत घ्यायचं. एवढी रीत मी ऐकून होतो. ती आमच्याच घरात झाली असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

"घेतलं कुणी?" दैवशालेनं विचारलं.

"जयवंताबाईनं. इंद्रभानची आजी. तवा त्यांच्याकडं दीडशे मेंढरं व्हती. तिच्या मांडीवर तिचं सोताचं पोरगं, धर्मराज, इंद्रभानचा बाप. तिनं पायलीभर बाजरी घातली बापाच्या उपरण्यात अन् मला सुपातून उचलून नेलं. एका अंगाला धर्मराज, एका अंगाला मी. आसं दोन वर्सं पाजलं."

आजी दुर्गाबाई तापातून उठली, पण मूल तिचं राहिलं नव्हतं. त्याला आपलं म्हणायचं नाही, घरी आणायचं नाही. फक्त लांबून बघायला मुभा होती. ती रोज दिवस मावळायच्या आधी आमच्या शेतातून सरळ जयवंताबाईच्या झोपडीकडे जायची, बाहेर बसायची आणि परत यायची. एकही दिवस चुकवला नाही. मोठ्या पावसात चिखल तुडवत गेली, सुगीत उभ्या जवारीतून गेली. आजोबा ओरडायचे, पीक मोडतंय. ती ऐकायची नाही.

दादा म्हणाले, "लोक म्हणतेत ती वाट मेंढरांनी पाडली. मेंढरं मागून आली. वाट माझ्या मायनं पाडली. पाच वर्सं."

"आन् परत घेताना किंमत काय दिली?" दैवशालेनं विचारलं.

"बाप पोतंभर जवारी अन् नवं लुगडं घिऊन गेला. जयवंताबाई म्हणली, जवारी घिऊन जा, लुगडं दुर्गाला नेसव. लेकराची माय ज्या वाटेनं येत व्हती तेवढी वाट मोडू नका. माझी मेंढरं पाण्याला जातेन तिच्यावरून. हीच किंमत. बापानं ओढ्यातलं पाणी हातात घिऊन हौ म्हणलं."

मग मला म्हणाले, "लिवलं का?"

"लिवलं."

"वाच."

मी वाचलं. दादा म्हणाले, "पायलीभर न्हाई, दीड पायली लिव. चुकलो मी मघाशी."

हे घरात कधीच कुणी का बोललं नाही, असं विचारलं. म्हणाले, "बापाला लाज वाटायची. मेंढरंवालीचं दूध पेलं म्हून न्हाई. पोटचं लेकरू इकावं लागलं, त्याची. त्यानं बंदीच घातल्ती."

दैवशाला पदराने डोळे पुसत होती. मी वही मिटली. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. सध्या एवढंच लिहितो, की हा भाग सुनावणीच्या दृष्टीने अडचणीचा आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वकिलांना सगळी पानं दाखवली. सर्ज्याचं वाचून हसले. चौदा तारखेचं वाचून त्यांनी लाल पेन काढलं आणि चारही पानांवर फुली मारली. "हे कशाला लिहिता? हे तर त्यांच्या बाजूचं आहे. ऐंशी वर्षांपूर्वीची तोंडी गोष्ट, साक्षीला कुणी जिवंत नाही."

"वडील आहेत."

"तेव्हा ते पाच वर्षांचे होते. शिवाय ते काय तुमच्याविरुद्ध बोलणार आहेत?"

बरोबर आहे. तोंडी गोष्टींवर शेती चालत नाही. म्हातारी माणसं आठवणीत भर घालतात. पायलीची दीड पायली झालीच की माझ्यासमोर. वकिलांनी टाइप करून दिलेला जबाब दोन पानांचा आहे. त्यात आजी दुर्गाबाईचं नाव नाही.

संध्याकाळी शेतावर गेलो. इंद्रभानच्या मोसंबीचा मृगबहार तोडणीला आला आहे, पण टेम्पो बागेपर्यंत जाऊ शकत नाही. तो आणि त्याची बायको डोक्यावर क्रेट घेऊन पाझर तलावाला वळसा घालून चालले होते. अडीच किलोमीटर. मी लिंबाच्या आड उभा राहिलो. तिकडून मोठा गार वारा येत होता म्हणून.

मी माघार घेणार नाही. हे ठाम लिहून ठेवतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

घात झाला.

मी खत आणायला मंठ्याला गेलो होतो. मागे दादा काठी घेऊन निघाले. दैवशाला म्हणते, "मी अडवलं न्हाई. मी कोण त्यांना अडवणारी? त्यांचं रान हाय." रिक्षाही तिनेच बोलावून दिली होती, हे रिक्षावाल्याने मला सांगितलं.

दुपारी इंद्रभान आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, "रामूभाऊ, काका माझ्याकडं हायेत. मी बोलावलं न्हाई. तारेपाशी लई टाइम उभे व्हते. मंग वळसा घिऊन पायी आले. आता बाजेवर बसलेत, पाणी पेले, अन् म्हणतेत मी इथंच राह्यणार."

"म्हणजे?"

त्याने मान खाली घातली. "त्यांनी निरोप सांगितलाय तुमाला. म्हणले, रामेश्वरला सांग, बापानं दिलेली किंमत त्यानं माघारी घेतली. सौदा मोडला. आता मी जयवंताबाईच्या घरचा."

मी तडक गेलो. अडीच किलोमीटर, भर उन्हात. दादा बाजेवर बसून इंद्रभानच्या बायकोला वाटाण्याच्या शेंगा सोलून देत होते. मी घरी चला म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. इंद्रभानच्या बायकोला विचारलं, "बाई, हा पाव्हणा कोण?"

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळ्या गावात झालं. हॉटेलवर चहा प्यायला गेलो तर एकजण म्हणाला, "काय रामेश्वर, बाप इकला म्हणं?" सगळे हसले. मी चहा तसाच ठेवून आलो.

मोनिकाचा फोन आला. म्हणाली, "बाबा, मी आठ महिने त्यांना फुलासारखं ठेवलं, तुम्ही पंधरा दिवसांत घराबाहेर काढलं." मी काढलं नाही, ते गेले, असं तीनदा सांगितलं. तिने फोन ठेवला.

दादांना हट्टच करायचा असेल तर करू देत. हट्ट मलाही येतो. मी त्यांचाच मुलगा आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

दादांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या, त्याची मला पाच दिवस काळजी होती. आज कळलं की दैवशाला रोज संध्याकाळी त्या नेऊन देते. वळसा घालून नाही, सरळ आमच्या शेतातून जाऊन, तारेतून वाकून. तिच्या तीन साड्या फाटल्या आहेत. मी विचारलं तर म्हणाली, "उपासाची भगर बी नेऊन दिली. लई आवडीनं खाल्ली."

"रोज जातेस?"

"रोज. दिवस मावळायच्या आधी."

ती आत गेली आणि मी अंगणातच बसून राहिलो. माझ्या जन्माच्या आधीच आजी गेली, मी तिला पाहिलं नाही. ती रोज एवढं चालून जाऊन नुसती बाहेर बसायची. मूल आत रडत असलं तरी उठून आत जायची सोय नव्हती. असं पाच वर्षं कसं केलं असेल तिने, हेच दिवसभर डोक्यात चाललं आहे.

सुनावणीची तयारी पूर्ण आहे. जबाबाच्या तीन प्रती आहेत.

४ मार्च, मंगळवार

क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

अकरा वाजता मंठ्याला तहसीलमध्ये पोचलो. दादा इंद्रभानच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. पांढरा फेटा, धुतलेलं धोतर. धोतर इंद्रभानचं होतं. माझ्याकडे बघितलं नाही, पण माझ्या पायांकडे बघितलं. मी घाईत चप्पल उलटसुलट घातली होती.

नायब तहसीलदार बाई तरुण आहेत, शांत आहेत. त्यांनी इंद्रभानचं ऐकलं. मग दादांना म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही सगळ्यांत जाणते. इथे वाट होती का, तुम्हीच सांगा."

दादा उठून उभे राहिले. "मी न्हाई सांगणार, मॅडम. बाप पोराच्या इरोधात साक्ष देत न्हाई."

"मग मी कुणाला विचारू?"

"त्यालाच इचारा. मी सगळं सांगितलंय, त्यानं सगळं लिवून घेतलंय. मला वाचून बी दावलंय. तो कधी कधी खोटं बोलतो." इथे सगळे हसले. "बोलतो, पण लिवत न्हाई. लहानपणापासून त्याचं तसंच हाय."

राधेश्याम वकिलांनी टाइप केलेला जबाब माझ्यापुढे सरकवला आणि बोटाने सहीची जागा दाखवली. शेवटची ओळ होती, "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे." तिच्या वर होतं, "सदर शेतात कोणत्याही पिढीत वाट अस्तित्वात नव्हती."

मी पेन टेकवलं. माझ्या नावातला रा काढला आणि हात थांबला. कुणी म्हणेल मी लोकांना भ्यालो. नाही. मला एवढंच दिसत होतं की हे वाक्य खरं असेल, तर आजी त्या पाच वर्षांत कुठूनच चालत गेली नाही.

मी बाईंना म्हणालो, "मला एक कोरा कागद द्या."

वकील माझ्या कानाशी म्हणाले, "काय करून राहिले तुम्ही?" मी म्हणालो, "लिहून राहिलो." आणि उभ्यानेच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिलं. नक्कल इथे उतरवून ठेवतो.

"मी रामेश्वर कडूबा लिहून देतो की, आमच्या शेतातून ओढ्याकडे वाट होती. ती माझी आजी दुर्गाबाई भुजंगराव हिने आपल्या विकलेल्या मुलाला पाहण्यासाठी रोज चालून पाडली. ती वाट कायम राखण्याच्या बोलीवर माझे वडील आम्हाला परत मिळाले. ती मी गेल्या श्रावणात बंद केली. त्याचे कारण शेताची सोय हे नसून इंद्रभानला शाल मिळाली हे आहे. वाट मी स्वतः मोकळी करून देतो."

शालीचं लिहायची गरज नव्हती. पण एकदा लिहायला लागलो की माझा हात मागे येत नाही, दादा म्हणाले तसं.

बाईंनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, पंधरा दिवसांत मोकळी करा. मी म्हणालो, पंधरा दिवस नकोत, उद्यापासून लागतो. वकील दप्तर उचलून निघून गेले.

बाहेर येऊन मी दादांपुढे उभा राहिलो. वाटलं होतं, आता ते माझ्याबरोबर येतील. ते म्हणाले, "इंद्रभान, गाडी काढ." आणि गेले.

बरोबरच आहे. अजून फक्त लिहून झालं आहे.

६ मार्च, गुरुवार

तार काल काढली. आज रोपांना हात घातला. आदल्या रात्री ठिबक चालू ठेवून जमीन भिजवली, मग रोपाभोवती गोल खणून मातीच्या गड्ड्यासकट उचलायचं, पोत्यात बांधायचं आणि विहिरीकडच्या पडीक तुकड्यात नवा खड्डा करून लावायचं. उन्हाळा तोंडावर आहे. सगळी जगणार नाहीत. मजूर लावला नाही. मी लावली, मीच काढणार.

दहा वाजता इंद्रभान कुदळ घेऊन आला. मी म्हणालो, "नको. माझं मी करतो."

"बरं." असं म्हणून तो बांधावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "रामूभाऊ, गड्डा मोठा धरा. मुळं तुटून राह्यली."

मी मोठा धरला. अजून थोड्या वेळाने म्हणाला, "एक इचारू का? त्या कागदावर शालीचं काय लिवलं तुमी? मला कळलं न्हाई."

मी कुदळ टेकवून सांगून टाकलं. "कलमं कुठून आणायची ते मी सांगितलं. भाषणात माझं नाव घेतलं नाहीस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "घेतलं की! पहिलं तुमचंच घेतलं. म्हणलं, ते हितंच बसलेत, उभे राहा रामूभाऊ. लोकं टाळ्या वाजवून तुमाला हुडकू लागले. तर तुमी जेवणाच्या रांगेत गेल्ते."

त्या दिवशी बुंदी होती, संपेल म्हणून मी लवकर उठलो होतो, हे मला आठवलं.

इंद्रभानला हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. मग त्याला म्हणालो, "बसलास काय? धर कुदळ." संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून चौदा काढली.

८ मार्च, शनिवार

काल उरलेली आठ काढली आणि खड्डे बुजवले. आज सकाळी बैलजोडीने वखर फिरवून सपाट केलं. आठ फूट रुंद, बांधापासून ओढ्यापर्यंत आणि तिथून गावरस्त्यापर्यंत. बावीसपैकी पाच रोपांनी माना टाकल्या आहेत. त्यांचं काय होतं ते पुढे बघू.

अकराच्या सुमाराला इंद्रभानचा टेम्पो क्रेट भरून या वाटेने गेला. ड्रायव्हरने मुद्दाम हॉर्न वाजवला. मी वाटेच्या मधोमध उभा राहून इंद्रभानच्या घराकडे बघत होतो. काय करावं ते कळत नव्हतं. आणायला जावं, तर पुन्हा "हा पाव्हणा कोण" म्हणतील. न जावं, तर ते किती दिवस तिकडे राहतील कुणास ठाऊक. दैवशाला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "थांबा जरा. तुमाला कशाचाच धीर न्हाई."

मग दादा दिसले. एकटेच. एका हातात काठी, एका हातात कपड्यांची पिशवी. इंद्रभान त्यांच्या मागे दहा पावलांवर होता, आणि दादा दर थोड्या वेळाने थांबून त्याला हाताने मागे हो म्हणत होते. कुणाचा हात धरायचा नाही असं ठरवूनच निघाले असावेत. नव्या मऊ मातीत पाय रुतत होते. एकदा झोक गेला. मी पुढे धावणार तर दैवशालेने माझा शर्ट धरला.

ते माझ्यासमोर येऊन थांबले. चांगला दम लागला होता. माझ्या हातांकडे बघितलं. हातांना फोड आले आहेत. नीट निरखून बघितलं, त्या नव्या डोळ्यांनी.

मी म्हणालो, "दादा, चुकलो."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस भर शेतात रडतो आहे, हे ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायांनी सगळ्यांनी पाहिलं.

दादा काठीने माझ्या पायाला टोचून म्हणाले, "सरक बाजूला. वाटंत उभा राहू नको."

मी बाजूला झालो. ते पुढे गेले, डावा पाय थोडा टाकून, आणि पिशवी घेऊन मी त्यांच्या मागे घरापर्यंत चालत आलो.